रघुनाथरावांनी स्वतःसाठी निवडलेली शस्त्रक्रिया

१८९१ साली राधाबाई कर्वे बाळंतपणात दगावल्या. वय अवघे २७. मागे नऊ वर्षांचा रघुनाथ राहिला. त्या काळी ही काही विशेष घटना नव्हती. बहुतेक घराण्यांत बाळंतिणीच्या खोलीत गेलेली आणि परत न आलेली एखादी सून असेच. तिच्या जागी वर्षभरात दुसरी येई आणि पहिलीचे नाव श्राद्धापुरते उरे. राधाबाईंचे यजमान धोंडो केशव कर्वे यांनी मात्र रीत मोडली. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी लग्न केले, त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला आणि पुढे हिंगण्याचा आश्रम व महिला विद्यापीठ उभे करून ते महर्षी झाले. रघुनाथाने वेगळीच वाट धरली. वडिलांनी विधवेच्या दुःखाला हात घातला होता, मुलाने सधवेच्या दुःखाला घातला. वडिलांना अखेर भारतरत्न मिळाले. मुलाला दंड झाला, तोही दोनदा.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरुडला झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली ते मॅट्रिकला पहिले आले. १९०४ मध्ये फर्ग्युसनमधून बी.ए. झाले. विषय गणित. त्याच्याच पुढच्या अभ्यासासाठी ते पॅरिसलाही जाऊन आले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते.

गणिताच्या प्राध्यापकाने संततिनियमनात का पडावे, असे वाटू शकते. पण हिशेब मांडला की उलगडा होतो. पंधरा-सोळाव्या वर्षी संसार सुरू झालेल्या बाईची पाळी पंचेचाळिशीच्या आसपास जाते. मधली तीस वर्षे काहीच उपाय केला नाही आणि दोन बाळंतपणांत अडीच-तीन वर्षांचे अंतर पडले, तर दहा-बारा वेळा तिला त्या खोलीत जावे लागते. प्रत्येक वेळी फासा नव्याने टाकला जातो. रक्तस्राव, बाळंतज्वर, अडलेले मूल, रक्तदाब वाढून येणारे झटके यांपैकी कशावरही त्या काळी खात्रीचा उपाय नव्हता. जंतुसंसर्गावरची सल्फाची औषधे १९३० च्या दशकाच्या मध्यावर आली आणि पेनिसिलिन त्याच्याही नंतर. म्हणजे बाईचा जीव वाचवायचा एकच खात्रीचा मार्ग त्या वेळच्या वैद्यकाकडे होता. तो म्हणजे ती नको तेव्हा गरोदर राहणार नाही, हे पाहणे. डॉक्टर मंडळी हे जाणून होती, पण चारचौघांत बोलत नव्हती. कर्वे बोलू लागले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले ते पहिलेच. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते, म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. साधनांच्या विक्रीसाठी त्यांनी ‘राइट एजन्सी’ काढली. १९२३ मध्ये ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. केंद्रात येणारे मोजकेच असत. आलेल्याला रबरी टोपी, पडदा, निरोध यांची माहिती मिळे, वापर कसा करायचा ते समजावले जाई.

त्या वेळच्या ज्ञानाची अवस्था काय होती, हे एका उदाहरणावरून कळते. महिन्यातल्या कोणत्या दिवसांत गर्भ राहतो, हे वैद्यकालाच नीट माहीत नव्हते. बीज केव्हा बाहेर पडते याचा उलगडा जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी १९२० च्या दशकात केला. त्याआधी अनेक डॉक्टर दोन पाळ्यांच्या बरोबर मधले दिवस सुरक्षित समजत, आणि नेमके तेच सर्वांत धोक्याचे असतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने वागून गरोदर राहिलेल्या बायका त्या काळी किती असतील याची कल्पनाच केलेली बरी.

कर्व्यांच्या मांडणीत आणखी एक गोष्ट होती. समागम हा केवळ संततीसाठी नसून स्त्रीलाही त्यात सुखाचा हक्क आहे, असे ते उघडपणे म्हणत. लोकसंख्येचा बोजा, देशाची गरिबी हे मुद्दे त्यांच्या काळातल्या इतरांनीही मांडले. पण बाईच्या सुखाचा मुद्दा लोकांना जास्त झोंबला. विल्सन कॉलेजच्या चालकांना प्राध्यापकाचा हा उद्योग मानवण्यासारखा नव्हता. १९२५ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. पक्की नोकरी गेली, ती त्यांना पुन्हा मिळाली नाही.

घर चालले ते मालतीबाईंमुळे. माहेरच्या गंगू गोखले. नवऱ्याच्या कामासाठी त्यांनी जे सोडले त्याची नोंद कुठल्या खटल्यात किंवा ठरावात सापडत नाही. मूल होऊ द्यायचे नाही, असे या जोडप्याने ठरवले होते. ज्या काळात मूल न होणाऱ्या बाईला सवाष्ण म्हणूनही लोक बिचकत बोलावत, त्या काळात हा निर्णय बाईने घेणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. नवऱ्याला समाज विक्षिप्त म्हणून सोडून देतो. बाईला हळदीकुंकवाला प्रत्येक वर्षी उत्तर द्यावे लागते.

निर्णय कायमचा होता, तेव्हा उपायही कायमचा हवा होता. रघुनाथरावांनी स्वतःची नसबंदी करून घेतली.

हे वाक्य आज वाचताना फार मोठे वाटत नाही. पण त्या वेळी हा निर्णय करताना तराजूच्या दोन पारड्यांत काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

स्त्रीच्या बाजूला गर्भनलिका बांधण्याची शस्त्रक्रिया होती. ती पहिल्यांदा १८८० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका सिझेरियनच्या वेळी केली गेली. नलिका ओटीपोटात खोल असतात. तिथे पोहोचण्यासाठी पोट उघडणे भाग, त्यासाठी क्लोरोफॉर्म किंवा ईथर देऊन पूर्ण भूल देणे भाग, आणि उघडलेल्या पोटात जंतू शिरले तर त्यांना मारणारे औषध नाही. धडधाकट बाईवर, तिला कोणताही आजार नसताना, हा धोका पत्करायचा.

पुरुषाच्या बाजूला काम त्वचेखालीच होते. वृषणातून निघालेली शुक्रवाहिनी अंडकोषाच्या पातळ कातडीखालून वर जाते, ती बोटांनी चाचपता येते. जागेवरची भूल द्यायची, छोटी चीर, दोन्ही बाजूंच्या वाहिन्या कापून टोके बांधायची, एखाद-दुसरा टाका. पोट उघडायचे नाही की माणसाला बेशुद्ध करायचे नाही.

परिणाम दोन्हीकडे एकच, धोका मात्र एकीकडे कितीतरी जास्त. गणिताच्या माणसाला हे उदाहरण सोडवायला वेळ लागण्याचे कारण नव्हते. पण उदाहरण सुटणे वेगळे आणि उत्तर स्वतःच्या अंगावर घेणे वेगळे. कर्व्यांच्या केंद्रात साधने प्रामुख्याने बाईच्या हाती दिली जात, कारण नवरा ऐकेलच याची खात्री नसे आणि गर्भ तर तिलाच वाहायचा असे. घरात मात्र त्यांनी जबाबदारी स्वतःकडे घेतली. त्यांच्या आयुष्यात ही दोन्ही धोरणे एकत्र नांदली आणि त्यात विसंगती काही नाही. ज्या घरात पुरुषावर विसंबता येत नाही तिथे बाईच्या हाती उपाय हवा, आणि जिथे विसंबता येते तिथे पुरुषानेच पुढे यायला हवे, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

याच शस्त्रक्रियेची एक गंमत त्याच काळात युरोपात चालली होती. व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ ऑयगेन श्टाइनाख यांनी असे मांडले की शुक्रवाहिनी बांधली की वृषणातल्या संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी वाढतात आणि म्हाताऱ्याला तारुण्य येते. मग काय, बडी बडी माणसे रांगेत उभी राहिली. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये, तर आयरिश कवी येट्स यांनी १९३४ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे तिकडे नस बांधली की मर्दानगी वाढते म्हणून पुरुष पैसे मोजत होते, आणि इकडे आजही नस बांधली की मर्दानगी जाते म्हणून पुरुष पळ काढतात. शस्त्रक्रिया तीच, नसही तीच. खरे म्हणजे दोन्ही समजुती खोट्या.

त्या का खोट्या, हे समजायला सोपे आहे. वृषण दोन कामे करतो. शुक्रजंतू तयार करतो आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतो. शुक्रजंतू वाहिनीतून बाहेर जातात, टेस्टोस्टेरॉन मात्र थेट रक्तात मिसळते. त्याचा वाहिनीशी संबंधच नाही. वाहिनी कापल्याने ते वाढत नाही आणि कमीही होत नाही. दाढी-मिशा, आवाज, ताकद, इच्छा, ताठरता सगळे जसेच्या तसे राहते. वीर्यही येते, कारण त्यातला बहुतेक भाग पुढच्या ग्रंथींत तयार होतो आणि शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा असतो. अडवलेले शुक्रजंतू शरीर शोषून घेते. ते कुठे साठून राहत नाहीत.

असल्या शंकांची उत्तरे देण्यासाठीच कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि २६ वर्षे नेटाने चालवले. त्यात वाचकांची पत्रे येत. वीर्यनाशाने क्षयच होतो, हस्तमैथुनाने वेड लागते, अशा भीतीने पोखरलेले तरुण लिहीत. कर्वे त्यांना आडवळण न घेता, शास्त्राला धरून उत्तर देत. भाषा रोखठोक, थोडी रुक्षही. समजूत घालणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. चूक ते चूक म्हणून मोकळे होत. थोडे गोड बोलले असते तर मासिकाचे ग्राहक वाढले असते, असे वाटून जाते. मुखपृष्ठावर नग्न चित्रे असत, त्यावरूनही गदारोळ झाला. मासिक कधी फायद्यात आले नाही.

खटले झालेच. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या लेखासाठी अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, या वेळी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि माणसे अडचणी विचारत असतील तर जाणकाराने उत्तर देणे हे कामच आहे, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. खटला हरला. दोनशे रुपये दंड झाला. आंबेडकरांनी विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाची सोय सरकारने करावी असा ठराव आला. तोही फेटाळला गेला.

देशातल्या सर्वांत मोठ्या नेत्याचाही या विचाराला विरोध होता. गांधीजींना संयम, ब्रह्मचर्य हाच मार्ग मान्य होता. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर त्यांना भेटायला वर्ध्यापर्यंत येऊन गेल्या, तरी त्यांचे मत बदलले नाही. मात्र १९३५ मध्ये त्यांनी एक अपवाद केला होता. बाईने साधने वापरायला आपला विरोध असला, तरी पुरुषाने स्वखुशीने नसबंदी करून घेतली तर आपली हरकत नाही, कारण आक्रमक तोच असतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कर्वे आणि गांधीजी यांचे या विषयात बहुधा एवढ्याच एका ठिकाणी जुळले असते. कारणे अर्थात पार वेगळी.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम घेणारा हा जगातला पहिला देश. सुरुवात मात्र केली ती सुरक्षित दिवस मोजण्याच्या पद्धतीने. दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूरकडच्या रामनगरमला त्याचे प्रयोग झाले. दिवस मोजायला बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. तीस वर्षे घसा कोरडा करून खात्रीची साधने सांगणाऱ्या कर्व्यांना ती माळ पाहून काय वाटले असेल! पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, ते गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबरचा. वडील त्या वेळी पंचाण्णव वर्षांचे होते आणि त्यानंतर आणखी नऊ वर्षे जगले.

कर्वे गेल्यानंतर त्यांनी निवडलेल्या शस्त्रक्रियेचे नशीब काही काळ उघडले. साठच्या दशकात देशात होणाऱ्या नसबंदीत पुरुषांचेच प्रमाण जास्त होते. हे आज सांगितले तर तरुण डॉक्टरांनाही खरे वाटत नाही. १९७१ मध्ये केरळात एर्नाकुलमच्या एका शिबिरात महिनाभरात सुमारे ६३ हजार पुरुषांनी शस्त्रक्रिया करून घेतली. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यांपैकी ६२ लाख पुरुषांच्या. आकडे गाठण्यासाठी माणसे धरून आणली गेली, पगार अडवले गेले, रेशनकार्ड अडवले गेले. शहा आयोगाच्या अहवालात शस्त्रक्रियेशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आहे. लोकांनी सरकार पाडले आणि त्या रागाबरोबर पुरुष नसबंदीही टाकून दिली. कुटुंबनियोजनाचे कुटुंबकल्याण झाले, आणि कार्यक्रमाचे ओझे अलगद बाईच्या पोटावर सरकले. ती आरडाओरडा करणार नव्हती. बाळंतपणाला दवाखान्यात आलेलीच असे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतः नसबंदी करून घेतलेली आढळली. नवऱ्याने करून घेतल्याचे प्रमाण ०.३ टक्के. कर्व्यांनी सोडवलेले उदाहरण आपण उलटे सोडवून बसलो आहोत.

वैद्यकात मधल्या काळात पुष्कळ सुधारणा झाली, दोन्ही बाजूंनी. चीनमध्ये ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये बिनटाक्याची नसबंदी शोधली. चीर नाही, कातडीला टोकदार चिमट्याने एक छिद्र पाडतात, त्यातून दोन्ही वाहिन्या हाताळतात. पंधरा-वीस मिनिटांत माणूस चालत घरी जातो. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचलायचे नाही. थोडी सूज, थोडे काळेनिळे होणे चालते. क्वचित रक्त साकळते किंवा जंतुसंसर्ग होतो, आणि थोड्या जणांना दुखणे रेंगाळते. या शस्त्रक्रियेतली खरी गोम वेगळी आहे. ती लगेच लागू पडत नाही. पुढच्या मार्गात आधीच गेलेले शुक्रजंतू संपायला सुमारे तीन महिने लागतात. तोपर्यंत निरोध वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करून शुक्रजंतू शून्य असल्याची खात्री करून घ्यायची. ही तपासणी फार थोडे पुरुष करतात. मग मधल्या काळात बायको गरोदर राहते, आणि घरात नको तो संशय शिरतो. तपासणीत शून्य आल्यानंतर अपयश साधारण दोन हजारांत एक.

स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठी आता पोटावर छोटी चीर पुरते, किंवा दुर्बिणीतून नलिकेवर रिंग चढवतात. बाळंतपणानंतर सात दिवसांत, किंवा एरवी पाळी येऊन गेल्यावर लगेच. ती लागलीच लागू पडते. पण काम अजूनही पोटाच्या आतच चालते. भुलेचा धोका, आतडे, मूत्राशय किंवा रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका थोडा असला तरी आहे, आणि झाला तर गंभीर असतो. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ २०१४ साली एका शिबिरानंतर तेराहून अधिक बायका दगावल्या, त्या घरी लेकरे ठेवून आलेल्या होत्या. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरेच बंद करायला सांगितले. पहिल्या वर्षात हजारी सुमारे पाच बायकांना दिवस जातात. त्यातही गर्भ नलिकेतच अडकण्याची शक्यता जास्त, आणि ती नलिका फुटली तर तासाभरात जिवावर बेतते. म्हणून नसबंदी झालेल्या बाईची पाळी चुकली आणि पोटात दुखू लागले, तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ऑपरेशन झालेय, आता दिवस कसे जातील, असे म्हणून घरी बसलेल्या बायका फार उशिरा येतात.

या शस्त्रक्रियेने बाई जाड होते, पाळीचा त्रास सुरू होतो, कंबर जाते, ही समजूतही पुरुषांच्या समजुतीइतकीच खोटी. बीजकोशाला हात लावलेला नसतो, संप्रेरके तशीच राहतात. कंबर जाते ती बहुधा दवाखान्यातून आल्या आल्या हंडे उचलायला लागल्याने.

प्रत्येक जोडप्याचे उत्तर पुरुष नसबंदी हेच असेल असे मात्र नाही. सिझेरियन होणारच असेल तर पोट उघडलेलेच असते. तिथे नलिका बांधण्याने धोका फारसा वाढत नाही आणि हिशेब बदलतो. पुरुषाला मोठा हर्निया असेल, अंडकोषात संसर्ग असेल, रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर आधी ते पाहावे लागते. आणि ज्या बाईचा नवऱ्यावर भरवसा नाही, तिला त्याच्या शस्त्रक्रियेचा उपयोग किती, हे तीच ठरवू शकते. तिशीही न गाठलेल्या, मनात किंचित शंका असलेल्या जोडप्याला तांबीसारखा दहा वर्षे टिकणारा आणि काढता येणारा उपाय जास्त बरा. कारण नस किंवा नलिका पुन्हा जोडता येते हे खरे असले, तरी मूल होईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. ऑपरेशन करायचे ते परत फिरायचे नाही, असे समजूनच करावे.

एका गोष्टीची माहिती अनेकांना नसते. सरकारी नियमांनुसार नसबंदीसाठी जोडीदाराची सही लागत नाही. निर्णय ज्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया व्हायची त्याचा किंवा तिचा. तरीही कित्येक ठिकाणी बाईला नवऱ्याची सही आणायला सांगतात. पुरुषाकडे बायकोची सही कोणी मागितल्याचे सहसा ऐकू येत नाही. येणार तरी कसे, तो आलेलाच नसतो.

त्याच नियमांत पात्रतेचेही रकाने आहेत. विवाहित असावे. वय बाईचे २२ ते ४९, पुरुषाचे ६० च्या आत. जोडीदाराची शस्त्रक्रिया आधी झालेली नसावी. आणि वैद्यकीय कारण नसेल तर जोडप्याला किमान एक मूल असावे, तेही वर्षावरचे. आज रघुनाथराव सरकारी दवाखान्यात गेले असते, तर त्यांचा फॉर्म या शेवटच्या रकान्यापाशी परत आला असता.